अठ्ठावन्न मिनिटांचा चंद्र

८ फेब्रुवारी २०२६, रविवार

चुकला! अपूर्व चुकला!

पोस्टरचा नमुना आलाय. लालभडक चंद्र आणि शेजारी त्याचा स्वतःचा फोटो, चंद्राहून मोठा. ‘३ मार्च, धावडा, शाळेचं मैदान. सायंकाळी साडेसहापासून तब्बल ५८ मिनिटं रक्तचंद्र! थेट आपल्या जालना जिल्ह्यातून!’

तीनदा वाचलं. संगणक उघडायची गरजच नव्हती, ओट्याशी उभ्या उभ्या आकडे जुळवले. चंद्र पूर्ण झाकला जातो चार चौतीसला. पाच बत्तीसला सुटायला लागतो. आणि आपल्याकडे उगवतो साडेसहाच्या सुमारास! म्हणजे ती अठ्ठावन्न मिनिटं तो आपल्या पायांखाली, पृथ्वीच्या पलीकडे असणार. वर येईल तेव्हा एखादी कड कुरतडलेली दिसेल. पंधरा-सतरा मिनिटं. तीही मार्चच्या धुळीत.

तांबडा दिसेल आसामकडे. धावड्यात नाही.

बातमीत ‘भारतातून खग्रास’ वाचलं असणार आणि उचललं. भारत म्हणजे काय एक गाव आहे? पंधरा वर्षांपूर्वी दुर्बिणीला हात लावू देण्याआधी मी याला पहिली गोष्ट शिकवली होती: ‘आधी आपलं क्षितिज, मग आकाश.’ वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं होतं त्याने.

आमच्या खगोल मंडळाची एक रीत आहे. पोस्टर असो, पत्रक असो, शाळेला द्यायची चिठ्ठी असो — माझ्या लाल सहीशिवाय छापखान्यात जात नाही. कोपऱ्यात ‘तपासले’ आणि खाली सही. मला पुसून टाकलं, पण ही रीत त्याने ठेवली आहे. पाकिटात चिठ्ठी आहे — ‘मॅडम, नजर टाकून द्या. बुधवारी छापायला टाकतो.’

नजर टाकली!

९ फेब्रुवारी

सही केली. लाल शाईने. ‘तपासले.’

कारण लिहून ठेवते, म्हणजे उद्या मन पातळ झालं तर वाचता येईल.

ऑक्टोबर. अंबडच्या वाचनालयाचा हॉल. अपूर्वला राज्याचा विज्ञानप्रसाराचा पुरस्कार मिळाला म्हणून सत्कार. मी चौथ्या रांगेत. व्यासपीठावर खुर्ची नव्हती मला. पुरस्कार कशासाठी? ‘भाकरीवरचा चंद्र’ या उपक्रमासाठी. माझ्या! परातीत भाकरी, समोर कंदील, मधे गाडगं — एवढ्या सामानावर मी सहाशे गावांत ग्रहण समजावलं. पुण्यातली संशोधन संस्था सोडली ती त्यासाठी. माझ्या बरोबरीचे लोक न्यूट्रॉन ताऱ्यांवर शोधनिबंध लिहीत होते तेव्हा मी भोकरदनच्या एसटीच्या टपावर दुर्बीण बांधून फिरत होते. कंडक्टर दुर्बिणीचं अर्धं तिकीट मागायचे!

त्याच्या पुस्तकात आभाराचं पान आहे. त्यात त्याची आई आहे, कॅमेरावाला आहे, कुत्रासुद्धा आहे. आणि शेवटी — ‘माझे काही शिक्षक’. काही शिक्षक!

तेही गिळलं असतं मी. पण त्या दिवशी त्याने माझी नक्कल केली. सत्काराची शाल पदरासारखी कमरेला खोचली, उजवा हात वर, तीन बोटं ताठ, आणि माझ्याच आवाजात — “बिलकुल न्हाई! चंद्राला कोणी गिळत न्हाई!” हॉल फुटला. थांबेनात हसायचे. शेजारचा वकील कोपराने ढोसून मला म्हणतो, “काय हुबेहूब केली हो! कोण बाई असेल ही?”

मी उठून आले. चपला शोधताना हॉलमधून अजून हशा ऐकू येत होता.

मी पुण्यात शिकले, परदेशात तीन वर्षं राहिले, पण व्यासपीठावर ‘न्हाई’ कधी सोडला नाही. तो केदारखेड्याचा आहे. माझ्या आईचा आहे. ह्या एका शब्दावर मी चौतीस वर्षं माणसं उभी केली. आणि जालन्याच्या वकिलाच्या घरात वाढलेलं हे पोरगं त्याचा तमाशा करतं!

बघू, तीन मार्चला कोण हसतं.

११ फेब्रुवारी

छापून आलं. भोकरदनच्या स्टँडवर तीन लागलेत. फार सुंदर दिसतं!

१४ फेब्रुवारी

शालूचा फोन. माझ्या भावाची मुलगी, धावड्याला दिलेली. सहावा महिना चालू आहे.

“आत्या, मी ग्रहण बघायला येणार हाय. गल्लीतल्या बायाबी तयार करून राह्यले. चाळीस झाल्या!”

चाळीस! मी तिला घरात ओरडूनच शाबासकी दिली. धावड्यात आजवर गरोदर बाई ग्रहणात उंबऱ्याबाहेर आलेली नाही. शालूची सासू, बेबीनंदाबाई, शालूचा नवरा अंगद पोटात असताना ग्रहणभर अंधाऱ्या खोलीत पाय पसरून बसली होती. पाणी नाही, कूस बदलणं नाही. विळीला हात लागला तर बाळाचा ओठ चिरलेला निघतो म्हणे! मी किती वेळा सांगितलं त्या बाईला — विहीणबाई, बाळाचा ओठ दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच जुळून येतो. नाही जुळला तर तेव्हाच नाही जुळला. सातव्या महिन्यातलं ग्रहण मागे जाऊन ओठ कसा चिरेल? तर म्हणे, “तुमचं बराबर असंल ताई, पन आमी कशाला बघायचं करून?”

शालू पुढे म्हणाली, “आत्या, अजून एक बोलायचंय. समोरासमोर.”

म्हटलं, तीन मार्च होऊ दे. माझं डोकं एका कामात आहे.

“त्याच्या आधीच बोलायचं व्हतं.”

“शालू, नंतर!”

बरं म्हणाली. ठेवला.

१७ फेब्रुवारी

भाषण लिहून झालं. बावीस मिनिटं. आरशासमोर दोनदा म्हटलं.

सुरुवात हळू. ‘अपूर्व माझा विद्यार्थी’ — लोकांना आवडतं. मग पहिला प्रश्न: चंद्र लाल का नाही? मग दुसरा: हे यांना आधी का कळलं नाही? मग थांबायचं. पाण्याचा घोट. लोकांनाच उत्तर देऊ द्यायचं. गर्दीचा राग मी तयार करत नाही. तो असतोच. मी फक्त त्याला बसायला जागा दाखवते.

जगातल्या मोठ्या वक्त्यांची भाषणं कपाटभर वाचली आहेत. सुडाचं चांगलं भाषण कोणाचंच नाही त्यात. सगळे शेवटी क्षमेवर येतात. मी येणार नाही.

२२ फेब्रुवारी

अपूर्वचा फोन. आवाज लोण्यासारखा.

“मॅडम, तुम्ही प्रमुख पाहुण्या. नाही म्हणायचं नाही.”

“येते की.”

“खरंच?” त्याला विश्वास बसेना. “आणि मॅडम, अंबडचं जरा... मला नंतर कुणीतरी सांगितलं, तुम्ही हॉलमध्ये होता. मी प्रेमाने केली होती नक्कल, खरंच—”

“कसली नक्कल?” मी म्हटलं. “माझ्या लक्षात नाही.”

विषय बदलला त्याने. मग म्हणाला, “कार्यक्रमात शेवटी, चंद्र पूर्ण लाल असताना, एक वेगळी गोष्ट ठेवली आहे. त्या अठ्ठावन्न मिनिटांसाठीच. शालूताई—”

“शालूला दोन मिनिटं बोलायचंय ना? बोलू दे की. बायका येतायत तिच्यामुळे.”

“हो, पण काय आहे ते तुम्हाला आधी—”

“अपूर्व, मला दूध उतू जातंय.”

दूध नव्हतंच गॅसवर. त्या ‘अठ्ठावन्न मिनिटांसाठी’ने हसू फुटायला आलं होतं.

प्रेमाने म्हणे! प्रेमाने केलं की शाल कमरेला खोचता येते वाटतं!

२६ फेब्रुवारी

सकाळपासून तीनदा फोन हातात घेतला. एक वाक्य पुरेल. ‘अपूर्व, चंद्रोदय बघ.’ पोस्टरवर पट्टी चिकटवता येईल. ‘ग्रहण घेऊनच उगवणारा चंद्र’ — खरं तर तेही किती देखणं आहे! सूर्य पश्चिमेला टेकलेला, पूर्वेला जखमी चंद्र, आणि मधे आपण उभे. आपलीच सावली त्याच्या अंगावर! मी असते तर ह्यावरच तासभर बोलले असते.

मी गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं का? सही केलीय. म्हणजे गप्पसुद्धा नाही बसलेले.

नऊ तारखेचं पान काढून वाचलं. फोन आत ठेवून दिला.

त्याने ती सही दाखवली तर? दाखवू दे. म्हणेन, भाषा तपासली, वेळ तपासणं तुझं काम. आणि त्याच्याकडे माईक राहील तर दाखवेल ना!

२ मार्च

होळी आज की उद्या यावरून धावड्यात दोन तट पडलेत म्हणे. अर्धं गाव आज पेटवणार, अर्धं उद्या. माझी उद्या!

४ मार्च, सकाळ

झालं. सगळं लिहिते. क्रमाने.

पाचला पोचले. मैदान भरत होतं. ट्रॅक्टर, टेम्पो, मोटारसायकली. तीन हजार तरी असतील. हेडमास्तर धर्मराज खुर्च्या उचलता उचलता म्हणाले, “मॅडम, गावच्या जत्रेला एवढे न्हाई येत!” पुढे सतरंजीवर बायका. चाळीस कसल्या, साठेक होत्या. मधोमध शालू, पोटावर हात ठेवून, हिरवी साडी. मला बघून हात केला. तिच्या तोंडाला कोरड पडलेली दिसत होती. दोन मिनिटं बोलायचं म्हणून घाबरली असेल, म्हटलं. लांब कुंपणापाशी बेबीनंदाबाई उभी. पूर्वेकडे पाठ, सुनेकडे डोळे.

साडेसहाला अपूर्वने उलटे आकडे मोजायला लावले. दहा, नऊ, आठ... तीन हजार गळे! पूर्वेला नुसता धुरकट पट्टा. काही नाही. पाच मिनिटं काही नाही. मग सहा चाळीसच्या आसपास धुळीतून वर आला — फिकट, पिवळट, एका कडेला जरासा चावलेला.

तीन हजार माना उंचावल्या. मग मागून एक आवाज: “लाल कुठाय?”

“अरे हा तर कालचाच हाय!”

“उंदरानं कुरतडला जनू!”

“ओ सर, रंग द्यायचा राह्यला का? होळीचा हाय, आनू का?”

हशा. शिट्या. अपूर्व माईकवर म्हणत होता, “थांबा, थांबा, वाढेल...” वाढेल कसला! कमी होत होता. त्याने फोन काढला, काहीतरी पाहिलं, आणि मी त्याचा चेहरा पाहिला. पाच महिने ज्याची वाट पाहिली तो चेहरा! माईकवर हात ठेवून तो माझ्याकडे वळला. हळू म्हणाला, “मॅडम, तुम्ही तपासलं होतं ना? तुमची सही बघून मी परत पाहिलंच नाही...”

मी उठले. त्याच्या हातातून माईक घेतला. पदर खोचला. उजवा हात वर, तीन बोटं.

“बिलकुल न्हाई! आज लाल चंद्र दिसनार न्हाई! तो साडेपाचलाच संपला!”

एकही माणूस हसला नाही. एक!

भाषण जसं लिहिलं होतं तसं झालंच नाही. त्याहून चढलं. बावीसऐवजी तीस मिनिटं. सगळ्यात चांगलं वाक्य तर जागेवर सुचलं — “ज्याला आपल्या गावात चंद्र कधी उगवतो ते ठाऊक न्हाई, त्याच्या शब्दावर तुम्ही तुमच्या लेकी-सुना ग्रहणात बाहेर काढल्या!” काय टाळ्या पडल्या! मागचे लोक उभे राहिले. कुंपणाशी बेबीनंदाबाईसुद्धा पहिल्यांदा माझ्याकडे बघून मान हलवत होती.

मधेच अपूर्व जवळ आला. खिशातून घडी घातलेला कागद काढला, चार घड्या. म्हणाला, “मॅडम, दोन मिनिटं माईक द्या. एकच गोष्ट—”

पोस्टरचा नमुना! माझी सही! मी माईक घट्ट धरला आणि त्यातूनच म्हणाले, “अपूर्व, आता तुझी वेळ संपली!” पुन्हा टाळ्या. त्याने सतरंजीकडे पाहिलं. शालूने मान हलवली, नको म्हणून. त्याने कागद खिशात ठेवला आणि स्टेजच्या मागच्या पायऱ्या उतरून गेला.

घाबरट! हातात हत्यार होतं, वापरायची हिंमत झाली नाही. मी असते तर वापरलं असतं.

बोलून संपेपर्यंत ग्रहण सुटलं होतं. लोक ट्रॅक्टरवर चढत होते. शालूची दोन मिनिटं राहूनच गेली. तिला हाक मारली, पण अंगद तिला धरून गाडीकडे नेत होता.

आवाज बसलाय आज. घशाला गोड लागतंय.

६ मार्च

तिन्ही पेपरांत! ‘गुरूने केली शिष्याची कानउघाडणी.’ ‘रक्तचंद्र आलाच नाही, धावड्यात गोंधळ.’ कात्रणं कापून ह्या पानाला लावली. सोळा फोन आले. अंबडचं वाचनालय विचारतंय, गुढीपाडव्याला व्याख्यान द्याल का. तोच हॉल! देते म्हटलं.

सहीबद्दल एक ओळ कुठे नाही. तो बोललाच नाही. ‘चूक संपूर्णपणे माझी’ — एवढंच छापून आलंय त्याच्या नावाने.

मोठेपणा दाखवतोय. दाखवू दे.

१५ मार्च

शालू फोन उचलत नाही. अंगदने एकदा उचलला. “आराम करून राह्यली आत्या.” त्याचा आवाज कोरडा. बायकांपुढे बोलायला मिळालं नाही म्हणून एवढा रुसवा? नीट झाली की आणेन तिला अंबडच्या स्टेजवर.

२ एप्रिल

अपूर्वने मंडळ सोडलं. त्याचे आकाशाचे व्हिडिओही बंद केलेत. मोठी दुर्बीण मंडळाच्या शिपायाकरवी माझ्या दारात पाठवून दिली. पुसून, तेल देऊन, खोक्यात कापूस भरून. सोबत चिठ्ठी नाही.

जिंकले.

खोकं दिवाणखान्यात आडवं पडलंय. दोनदा ठेच लागली.

२१ एप्रिल

मी हेडमास्तर धर्मराजांना फोन केला. म्हटलं, सुट्टीत धावड्याला पाच दिवसांचं आकाशशिबिर घेते, फुकट, मी स्वतः. ते आधी उन्हाळ्याबद्दल बोलत राहिले. मग म्हणाले, “मॅडम, खरं सांगू का, राग मानू नका. गावात लोक म्हनतेत, विज्ञानवाल्यांचं आपसातच जमंना, चंद्र कवा उगवतो त्याच्यावरून स्टेजवर भांडून राह्यले. त्यांचं आपन कशाला ऐकायचं? थोडं थांबू.”

“अहो, मी बरोबर होते!”

“तुम्ही बराबरच होता मॅडम,” म्हणाले. “पन आले व्हते तर सगळे तुमचं दोघांचंबी ऐकूनच ना.”

मी त्यांना बरंच सुनावलं. चौतीस वर्षांत मला थांबा म्हणणारं हे पहिलं गाव.

७ जून, रविवार

शालू बाळंत झाली. काल दुपारी, भोकरदनच्या दवाखान्यात. मला आज कळलं. तेही अंगदच्या मित्राकडून. मुलगी आहे. वजन चांगलं.

ओठ दुभंगलेला आहे.

तो मित्र सांगत होता, “डॉक्टर म्हनले काई घाबरायचं न्हाई, तीन-चार महिन्यांनी आपरेशन करू, बराबर होऊन जातं. पन गावात...” मीच म्हटलं, “गिऱ्हानानं झालं म्हणतायत ना?” तो हूं म्हणाला.

मूर्ख! मूर्ख लोक! दुसरा महिना म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर! ग्रहण मार्चमध्ये! साधी वजाबाकी येत नाही?

उद्या जाते. ओसरीवर उभी राहून एकेकाला विचारते. भाषण लिहायचीसुद्धा गरज नाही.

८ जून

लिहिते. लिहायचं कबूल केलंय ह्या वहीला.

ओसरीवर दहा-बारा बायका होत्या. त्यातल्या निम्म्या त्या दिवशी सतरंजीवर बसलेल्या. मी बोलले. ओठ कधी जुळतो, कसा जुळतो, महिने बोटांवर मोजून दाखवले. उजवा हात वर. सगळ्या शांत ऐकत होत्या.

मग बेबीनंदाबाई म्हणाली. आवाज चढवला नाही. “ताई, तुम्हीच म्हनला व्हता ना माईकवर? ज्याला चंद्र कवा उगवतो ते ठाऊक न्हाई त्याच्या शब्दावर सुना बाहेर काढल्या म्हनून? मी तवाच मनात म्हनलं, आता तरी पोरीला घरात न्यावं. तुम्ही शिकलेल्या. तुम्हालाबी पटलं न्हवतं, बाहेर काढलेलं. आता मंग म्हनता काई झालं न्हाई. ताई, तुमचं कोनतं ऐकू?”

वर केलेला उजवा हात खाली आला. माझा!

कोपऱ्यातली एक बाई पदर तोंडाला लावून म्हणाली, “चाळीस जनींना घेऊन गेल्ती. आता बाकीच्या पोटुश्या रडून राह्यल्या घरात.”

आत शालू भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाळ तिच्या कुशीत. मला वळूनही पाहिलं नाही. मी बाळाचं कपाळ हुंगलं आणि बाहेर आले. अंगद गाडीपर्यंत आला. “आत्या, ती बोलंल उद्या. आज नको.”

९ जून

शालूने बोलावलं होतं. दार लावून घेतलं. उशीखालून एक कागद काढून माझ्या हातात दिला. चार घड्यांचा. म्हणाली, “अपूर्वसर काल माझ्या झोपेत येऊन आईंकडं ठिवून गेल्ते. आता दाखवून काय उपेग, आत्या. आई म्हनत्यात, मागून छापून आनला. तवा दाखवायचा व्हता, तीन हजार लोकांपुढं, बाळ पोटात असताना.”

सोनोग्राफीचा रिपोर्ट. १९ जानेवारी. वरचा ओठ दुभंगलेला. खाली पेनाने, अडखळत्या अक्षरात: ‘माझ्या बाळाचा ओठ आजच असा हाय. ग्रहनाच्या आधी. हे सगळ्यांना वाचून दाखवावं.’

माझी सही नव्हती त्या कागदावर. शालूची होती.